गंभीर मनोविकारांचा फॉलोअप दुरून करायचा, तर व्हिडिओच्या आधी काय काय उभं करावं लागतं?

फॉलोअप_वही (प्रश्न)

टीममध्ये एक मनोविकारतज्ज्ञ, दोन नर्स, एक सामाजिक कार्यकर्ता. रुग्ण ४० च्या आसपास. निम्म्याहून जास्त स्किझोफ्रेनियाचे, बाकीचे बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून), थोडे स्किझोअफेक्टिव्ह (दोन्हींची लक्षणं एकत्र). सहा जण क्लोझापिनवर (इतर औषधांनी न सुधारणाऱ्या स्किझोफ्रेनियाचं औषध), नऊ लिथियमवर (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध), अकरा जण दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनवर. येत्या तीन महिन्यांत दर तीन भेटींपैकी दोन व्हिडिओवर किंवा फोनवर न्यायच्या आहेत.

सॉफ्टवेअर ठरलंय, तो प्रश्न नाही. अडलंय ते पुढे : रुग्ण जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असताना कॉल तुटला तर? रक्ताच्या तपासण्या आणि इंजेक्शनं यांचं काय? औषधांमुळे येणारे कंप, जखडलेपण, अस्वस्थ पाय हे पडद्यावर कितपत दिसतं? ज्यांना मुळात कॅमेऱ्याचाच संशय आहे त्यांच्याशी कसं बोलायचं? आणि कोणाला दुरून पाहायचंच नाही? सौम्य नैराश्य आणि चिंतेसाठी लिहिलेल्या सूचना भरपूर सापडतात, पण त्यातलं निम्मं इथे लागू पडत नाही.

दुसरी_खुर्ची

कॉल तुटण्यापासून सुरू करते, कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं, हे येत नाही.

पहिली दोन मिनिटं ठरलेली ठेवा, रुग्ण दहा वर्षांचा ओळखीचा असला तरी. आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, पत्त्यासकट. फाईलमधला पत्ता चालत नाही. माणूस बहिणीकडे गेलेला असतो, गाडीत बसलेला असतो. मग परत फोन करायचा नंबर, घरात आत्ता कोण आहे, आणि "तुमचं बोलणं कोणाला ऐकू जातंय का?" हा शेवटचा प्रश्न हो किंवा नाही एवढ्यावर भागेल असाच विचारायचा, म्हणजे शेजारी कोणी उभं असलं तरी उत्तर देता येतं. एखादा साधा शब्द आधीच ठरवून ठेवा. रुग्णाने तो वाक्यात वापरला की विषय बदलायचा आणि नंतर दुसऱ्या वेळी फोन करायचा.

तुटल्यावर कोण कोणाला फोन करणार हेही याच दोन मिनिटांत सांगा. नियम एकच : फोन नेहमी आपण करायचा, रुग्णाने वाट पाहायची. दोघेही एकमेकांना लावत बसले की दोघांनाही "व्यस्त" ऐकू येतं. दोन मिनिटांत पहिला प्रयत्न, लगेच दुसरा, मग घरच्या माणसाला. साध्या भेटीत इथे थांबता येतं. बोलणं धोक्याचं चाललं होतं तर तिसऱ्या प्रयत्नाची वाट न पाहता तातडीची मदत त्या पत्त्यावर पाठवायची.

इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. तातडीचा छोटा क्रमांक तुम्ही दवाखान्यातून फिरवला तर बहुतेक ठिकाणी तो तुमच्या भागातल्या नियंत्रण कक्षात लागतो, रुग्णाच्या नाही. त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या पानावर त्याच्या भागातल्या पोलीस आणि रुग्णवाहिका कक्षाचा थेट, पूर्ण अंकी नंबर हवा, आणि तो वर्षातून दोनदा लावून पडताळलेला हवा.

हा फोन कोण करणार? जो रुग्णाशी बोलतोय तो नाही. त्याने रुग्णाचा कॉल सोडायचा नाही. म्हणून कॉलच्या वेळेत टीममधलं दुसरं कोणीतरी संदेशावर हजर पाहिजे, दुसरा फोन हाताशी घेऊन. आठवड्यातले कॉल एकाच दोन-तीन तासांच्या पट्ट्यात बसवले तर चौघांत हे जमतं. दिवसभर विखुरलेत तर नाही जमत.

सुरक्षितता आराखडा कागदावर, दोघांकडे एकेक प्रत. नेहमीच्या सहा पायऱ्या : धोक्याच्या खुणा, स्वतः करायच्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, ज्यांना मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि घरातली साधनं दूर ठेवणं. शेवटच्या पायरीत गोळ्याही मोजा. दुरून पाहायचं म्हणून तीन महिन्यांचं लिथियम एकदम देण्याचा मोह होतो. जास्त घेतल्यास जिवावर बेतणारं औषध आहे ते. धोका असलेल्याला एका वेळी ७ दिवसांचा साठा, उरलेला कुलपात किंवा औषधविक्रेत्याकडे.

अजून एक. गंभीर आजारात न उचललेला कॉल हा "गैरहजर" असा शेरा मारून मिटवायचा नसतो, ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दुसरा कॉल, मग घरच्यांना फोन, ४८ तासांत कोणीतरी दारात. हे कोण करणार, त्याचं नाव आधी ठरवा.

रक्तनळी

औषधांचं मी घेतो.

लिथियम. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. जवळच्या लॅबमध्ये रुग्ण सकाळी गोळी घेऊन ११ वाजता जातो, पातळी जास्त येते आणि इकडे डोस कमी होतो. म्हणून लॅबच्या चिठ्ठीवर "शेवटची गोळी किती वाजता" ही जागा छापूनच द्या. दुसरी चूक लॅबची : लिथियम-हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) लावलेल्या नळीत रक्त घेतलं की नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा खोटा वाढतो. माणूस ठणठणीत आणि पातळी घाबरवणारी असली तर आधी नळी विचारा. उलटंही लक्षात ठेवा. हात जाडसर कापताहेत, बोलणं अडखळतंय, चालताना तोल जातोय, उलट्या-जुलाब आहेत, तर पातळी मर्यादेत दिसली तरी ती विषबाधा समजून त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी. बरीच वर्षं लिथियम घेणाऱ्यात असं होतं.

सांभाळायची पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, काहींना १.० पर्यंत. सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, मग पहिलं वर्ष तीन महिन्यांनी, पुढे स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. किडनी, थायरॉइड, कॅल्शियम सहा महिन्यांनी. प्रत्येक कॉलवर तीन प्रश्न : जुलाब-उलट्या किंवा खूप घाम? दुखण्यावर आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली? रक्तदाबाचं नवीन औषध सुरू झालं? दुसरा डॉक्टर रक्तदाबासाठी थायझाइड किंवा एसीई इनहिबिटर लिहून देतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. समोरासमोर भेटीत रुग्ण पिशवी टेबलावर ओतायचा तेव्हा हे कळायचं. व्हिडिओवर पिशवी मागून घ्यावी लागते, म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या एकेक कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, नावाची बाजू आणि रिकामे खळगे दोन्ही दिसतील अशा.

क्लोझापिन. सुरुवात व्हिडिओवर करू नका. रक्तदाब, नाडी, तापमान वरचेवर बघावं लागतं. हृदयाच्या स्नायूची सूज बहुतेक पहिल्या महिन्यात येते. या काळात ताप, छातीत दुखणं, नाडी १२० च्या वर किंवा आधीपेक्षा ३० ने जास्त असेल, तर ट्रोपोनिन आणि सीआरपी (हृदयाची इजा आणि सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) त्याच दिवशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी (क्लोझापिनने त्या धोकादायक कमी होऊ शकतात) सुरुवातीला दर आठवड्याला (कुठे १८ आठवडे, कुठे २६), मग पंधरवड्याने, वर्षानंतर अंतर वाढतं. हे नियम अलीकडे काही देशांत सैल झालेत, तेव्हा तुमच्या भागातला चालू तक्ता भिंतीवर लावा. नियमातलं अंतर कितीही असो, ताप किंवा घसा दुखणं म्हणजे त्याच दिवशी रक्त.

रुग्ण आपणहून सांगत नाही अशा दोन गोष्टी. पहिली बद्धकोष्ठता. "पोट साफ होतं ना?" असं विचारलं की "हो" येतं. "शेवटचं शौचाला कधी झालं, कोणता वार?" असं विचारा. तीन दिवस झालं नाही आणि पोट फुगलंय किंवा दुखतंय, तर व्हिडिओ बंद, प्रत्यक्ष तपासणी. आतडं थांबून माणसं दगावली आहेत. दुसरी म्हणजे गोळ्यांचा खंड. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस पुन्हा एकदम द्यायचा नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून परत चढवायचा. रुग्णाला आणि घरच्यांना हे वाक्य पाठ हवं, कारण शनिवारी गोळ्या संपल्या आणि मंगळवारी मिळाल्या की ते नेमकं उलट करतात.

धूम्रपानही विचारा, दर वेळी. सिगरेटच्या धुरातले घटक क्लोझापिन मोडणाऱ्या एन्झाइमचा वेग वाढवतात. सोडली की आठवड्याभरात पातळी बरीच चढते, ५० टक्क्यांनी किंवा अधिकही. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे पॅच लावला तरी पातळी चढायची ती चढतेच. सोडायचा दिवस आधी कळवायला सांगा, डोस त्यानुसार खाली आणता येतो.

इंजेक्शन. यात दुरून काही होत नाही, इंजेक्शन देणारा हात तिथे लागतोच. पण तो हात जवळच्या कुठल्याही आरोग्य केंद्रातल्या नर्सचा असू शकतो. पॅलिपेरिडोन महिन्याचं : पहिलं १५० मिलिग्रॅम, आठव्या दिवशी १०० (चार दिवस मागेपुढे चालतं), दोन्ही दंडात. पुढे दर महिन्याला, सात दिवस मागेपुढे. सिरिंज देण्याआधी किमान १० सेकंद जोरात हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि सुई अडकते. नवख्या नर्सला हे व्हिडिओवर दाखवता येतं. सहा आठवड्यांपेक्षा उशीर झाला की साधा पुढचा डोस देऊन भागत नाही, पुन्हा सुरू करण्याची वेगळी पद्धत आहे. म्हणून तक्त्यात "पुढची तारीख" याच्या शेजारी "शेवटची चालणारी तारीख" असा रकाना काढा. रिसपेरिडोनचं पंधरवड्याचं जुनं इंजेक्शन असेल तर ते २ ते ८ अंश थंडीत राहायला हवं आणि पहिल्या तीन आठवड्यांत तोंडाने गोळी चालू ठेवावी लागते.

ओलान्झापिनचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन मात्र यातून वगळा. औषध चुकून रक्तात वेगाने उतरलं तर गाढ गुंगी किंवा भ्रमिष्टपणा येतो, म्हणून प्रत्येक वेळी नंतर ३ तास प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली थांबवावं लागतं. व्हिडिओ चालू ठेवून घरी थांबवणं म्हणजे देखरेख नव्हे.

पायापासून_वर

कॅमेऱ्यातून तपासणीबद्दल.

चेहरा भरून दिसणारी चौकट बोलण्यासाठी ठीक, तपासणीसाठी निकामी. फोन खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवर टेकवून ठेवायचा, रुग्ण साधारण दोन मीटर लांब, हात नसलेल्या खुर्चीवर, उजेड समोरून. बूट-मोजे काढलेले, तोंडात काही नाही, कवळी असेल तर तशी नोंद. मग अनैच्छिक हालचालींच्या प्रमाणित तपासणीचा क्रम : हात गुडघ्यांवर ठेवून शांत बसणं, तोंड दोनदा उघडणं, जीभ दोनदा बाहेर, अंगठा प्रत्येक बोटाला १० ते १५ सेकंद भराभर टेकवणं (एका हाताने हे चालू असताना तुमची नजर चेहऱ्यावर आणि पायांवर), उभं राहणं, चार पावलं जाऊन परत. पायांची अस्वस्थता पाहायची तर बसून दोन मिनिटं आणि उभं राहून दोन मिनिटं, सहज गप्पा मारत. उभ्याने पाय बदलत राहणं तिथे दिसतं, बसलेल्या चेहऱ्यात कधीच नाही. आणि आतली बेचैनी आजाराची म्हणून औषध वाढवलं जातं, मग ती आणखी वाढते.

जखडलेपण व्हिडिओवर तपासता येत नाही. ते हात धरूनच कळतं. दुरून मिळतात ते अप्रत्यक्ष पुरावे : चालताना एक हात कमी हलणं, पापण्या क्वचित लवणं, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाणं. एक ओळ आणि एक गोगलगाईसारखं वेटोळं काढून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, दर तीन महिन्यांनी, तारखेसकट. जुन्या कागदाशेजारी नवा ठेवला की फरक बोलतो.

आता यंत्र काय लपवतं ते. औषधांमुळे येणारा पार्किन्सनसारखा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा. नेटवर्क खालावून चित्र सेकंदाला आठ-दहा चौकटींवर आलं की तो कंप धक्क्यांसारखा दिसतो किंवा दिसतच नाही. गोंगाट कमी करणारी सोय पुटपुटणं आणि स्वतःशी हळू बोलणं गोंगाट समजून पुसून टाकते, ती बंद करा. पार्श्वभूमी धूसर करणारी सोय हलणारी बोटं कापते, तीही बंद. उलट बाजूने चूक होते ती सपाट चेहऱ्याची : खिडकी पाठीमागे असली की प्रत्येकाचाच चेहरा भावशून्य. आणि वाक्य मध्येच खुंटलं तर विचार अडला की चित्र गोठलं? एक ते दहा मोठ्याने मोजायला सांगा, पाच सेकंदांत उत्तर मिळतं. आवाज पोचायला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. मग ते बोलण्याचा रेटा (उन्मादातलं न थांबणारं भराभर बोलणं) म्हणून नोंदवलं जातं.

नेटवर्क दगा देऊ लागलं तर आधी चित्र सोडा, आवाज नाही.

वजन त्याच काट्यावर, त्याच वेळी. नवीन औषधावर पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, मग बाराव्या आठवड्याला, मग वर्षाला. रक्तदाब पाच मिनिटं बसून, दंडाच्या मापाच्या पट्ट्याने, मिनिटाच्या अंतराने दोनदा. आकडा तोंडी घेऊ नका, यंत्राच्या पडद्याचा फोटो मागवा. तोंडी आकडे नेहमी १२०/८० कडे ओढले जातात.

हळू_बोला

संशयाबद्दल. मनोविकृती आहे म्हणजे व्हिडिओ चालणार नाही, हे सरसकट खरं नाही. अनेकांना समोरच्या माणसाच्या शारीरिक जवळिकीपेक्षा पडदा सोपा जातो, नको वाटलं तर बंद करता येतो म्हणून. पण भ्रमाचा विषयच पाळत किंवा यंत्रं असेल तर तयारी वेगळी.

कॉल लागल्यावर आधी तुम्ही तुमची खोली फिरवून दाखवा, दारापर्यंत. "इथे मी एकटी आहे, हे रेकॉर्ड होत नाहीये." कोणी आत आलं तर लपवू नका, नाव सांगून दाखवा. संदेशावर हजर असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याचाही उल्लेख पहिल्या कॉललाच करा. नंतर कळलं तर संशय खरा ठरला असं होईल, आणि तो ठरलाही असेलच. स्वतःचं छोटं चित्र बंद करायला शिकवा. स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहत राहणं काहींना फार जड जातं. तोच नंबर, तीच वेळ, तोच माणूस. पंचेचाळीस मिनिटांच्या एका भेटीऐवजी पंधरा-वीस मिनिटांच्या दोन.

आवाज ऐकू येत असतील तर थेट विचारा : माझा आवाज आणि ते आवाज एकमेकांत मिसळताहेत का? हेडफोनने काहींचे भास वाढतात, काहींचे कमी होतात, दोन्ही करून पाहायचं. प्रतिध्वनी येत असेल तर आधी तो घालवा, कारण आपलंच वाक्य अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येणं हा ज्याला आधीच आवाज येतात त्याच्यासाठी क्रूर प्रकार आहे. आणि कॅमेरा नकोच म्हणाला तर साधा फोन. त्यावर वाद घालण्यात भेट घालवू नये. फक्त फोनवर किती भेटी झाल्या ते मोजा. सलग दोन झाल्या की तिसरी समोरासमोर.

फॉलोअप_वही

हे सगळं छापून घेतोय. दोन उपप्रश्न. झोप आणि हालचाल मोजणारी अ‍ॅप्स वापरावीत का? आणि घरच्यांवर किती टाकायचं?

दुसरी_खुर्ची

अ‍ॅपच्या आधी एक प्रश्न सोडवा : रात्री ९ वाजता धोक्याची खूण आली तर ती कोण वाचणार? उत्तर "सकाळी बघू" असेल तर रुग्णाला तसं लेखी सांगा, नाहीतर त्याला वाटतं कोणीतरी पाहतंय. मोजायचंच असेल तर रुग्णाबरोबर बसून त्याच्या स्वतःच्या तीन ते पाच खुणा लिहा. बायपोलरमध्ये झोप बहुतेक यादीत येतेच, उदाहरणार्थ सलग दोन रात्री नेहमीपेक्षा दोन-तीन तास कमी झोपून थकवा नसणं. प्रत्येक खुणेसमोर काय करायचं ते. मोजणी कागदावर केली तरी चालते. पाळतीचा भ्रम असलेल्याच्या मनगटावर मोजणारा पट्टा बांधू नका, हे सांगायला नको.

नुसता_वाचक_नाही

थोडा विरोध नोंदवतो. वर सगळीकडे "घरच्यांना सांगा" आहे. शुभंकर (रुग्णाची काळजी घेणारा घरचा माणूस) म्हणजे नर्स नव्हे. गोळ्या कुलपात ठेवणं, नाडी मोजणं, शौचाची नोंद, फोन धरून उभं राहणं हे सगळं एकाच माणसावर टाकलं की तो थकतो, आणि रुग्णाच्या डोळ्यांत पहारेकरी होतो. रुग्णाच्या संमतीने त्याच्याशी वेगळी पाच मिनिटं बोला, त्यात निम्मा वेळ त्याच्या स्वतःच्या झोपेबद्दल. घरात मारहाण किंवा दहशत असेल तर "घरातला मदतनीस" हाच धोका असतो. तो रुग्ण तुमच्या व्हिडिओ यादीत नसावा.

तसंही हे दूरचित्रवाणीवरचं काम नवं नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९५९ मध्ये बंदिस्त दूरचित्रवाणी जोडणीवर मनोविकारांचं काम सुरू झालं. १९६४ मध्ये तिथून ११२ मैलांवरचं नॉरफोकचं सरकारी मनोरुग्णालय जोडलं गेलं. पण त्या जोडणीच्या दुसऱ्या टोकाला रुग्णालय होतं, कर्मचारी होते. आपण ते टोक रुग्णाच्या झोपायच्या खोलीत नेलंय आणि कर्मचाऱ्याची जागा आईला दिलीय. म्हणून त्या टोकाला महिन्यातून एकदा तरी पगारी हात पोचतील हे पैशांच्या हिशेबात आधी धरा, कॅमेरे नंतर.

कोणाला दुरून नाही, ते कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून थोडक्यात. बोलेनासा झालेला, एकाच स्थितीत थिजलेला, खाणं-पाणी सोडलेला. ताप, जखडलेले स्नायू आणि गोंधळ एकत्र असलेला (हा तर थेट रुग्णालयात, वाटेत कॉल नको). बाळंतपणानंतर काही आठवड्यांत भ्रम-भास सुरू झालेली. पहिल्यांदाच आजारी पडलेला, ज्याचं निदान अजून व्हायचं आहे. निर्णयक्षमतेबद्दल वाद असलेला. ज्याला बोलायला दार लावून घेता येईल अशी खोली नाही तो. ही यादी एकदा करून ठेवून देऊ नका. प्रत्येक भेटीच्या शेवटी "पुढची भेट कशी" हे नव्याने लिहा, आणि ठरवणारा रुग्णही असू द्या.

फॉलोअप_वही

पटलं, भेटीच्या नोंदीत तो रकाना घालतो. लिथियमचं अजून एक : नऊपैकी दोघं पूर्ण डोस सकाळी ८ वाजता घेतात, एक जण सकाळ-संध्याकाळ विभागून. १२ तासांचं गणित त्यांना कसं लावायचं?

रक्तनळी

विभागून घेणाऱ्याचं सोपं. संध्याकाळच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये, रक्त दिल्यावर गोळी. चिठ्ठीवर ठळक लिहा, "आधी रक्त, मग गोळी". सकाळी पूर्ण डोस घेणाऱ्यांचं रक्त रात्री ८ वाजता घ्यावं लागेल आणि तेव्हा लॅब बंद असते. त्यांचा डोस रात्रीवर नेता येतो का ते डॉक्टरांना पुढच्या समोरासमोर भेटीत ठरवू द्या. नेलाच तर पाच ते सात दिवसांनी नवी पातळी करा, आणि त्या पातळीची आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका. सकाळचे ते आकडे नेमके किती तासांचे होते, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसणार.